उन्हाची जमा, रात्रीचा खर्च

रात्री दहानंतर हातखंबा तिठ्यावर गेलात तर महामार्गाच्या कडेला ट्रक ओळीने उभे दिसतात. एक रस्ता मुंबईकडे, एक गोव्याकडे, एक उतरत उतरत रत्नागिरी शहराकडे. कोल्हापूरची वाट पुढे पालीला फुटते. त्यामुळे घाटावरचा माल आणि किनाऱ्यावरचा माल असा दोन्हीकडचा माणूस इथे टेकतो. चाकाच्या आडोशाला स्टोव्ह, त्यावर भाताचे पातेले, केबिनच्या आरशाला वाळत घातलेला पंचा आणि आत डोक्याशी गरगरणारा चार बोटांचा पंखा. चाकांवरचे घर म्हणून हल्ली ज्याचे रंगीत फोटो छापून येतात, ते ट्रकवाल्याने हौसेसाठी नव्हे तर पोटासाठी केव्हाच थाटले आहे.

याच तिठ्यावर गाड्यांच्या विजेची कामे करणारा एक कारागीर आहे. त्याच्याकडे पहाटे येणाऱ्या गिऱ्हाइकांची तक्रार बहुधा एकच असते. रात्रभर पंखा, टेप आणि मोबाइल चालू राहिला, आणि सकाळी स्टार्टर फिरत नाही. ट्रकला बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. ड्रायव्हर टेपसाठी त्यांतल्या एकीवरूनच वायर काढतात. मग ती एक उपाशी राहते, दुसरीला नको इतके खायला मिळते आणि वर्षभरात दोघींचाही निकाल लागतो. ‘‘काका, दोन सख्ख्या भावांत एकालाच राबवलान तर घर टिकंल काय?’’ असे तो मला म्हणाला होता. मी हयात बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. तेव्हा हे वाक्य मी मनात टिपून ठेवले नसते तरच नवल.

हे सारे आठवायचे कारण माझा एक जुना सहकारी. आम्ही दोघे एकाच शाखेत पाच वर्षे शेजारी बसलो. निवृत्तीनंतर मी हातखंब्याला घर बांधून स्वस्थ बसलो आणि त्याने एक पिकअप गाडी घेऊन तिच्या हौद्यावर खोली बांधून घेतली. अमेरिकेत अशी पिकअपवर ठेवायची तयार खोली मिळते, तिला ट्रक कॅम्पर म्हणतात. १९६० साली जॉन स्टाइनबेक अशाच गाडीतून कुत्र्याला बरोबर घेऊन आपला देश पाहायला निघाला होता. गाडीला त्याने डॉन किहोटेच्या घोड्याचे नाव दिले होते, रोसिनान्ते, आणि ती गाडी आजही कॅलिफोर्नियात सॅलिनास गावी त्याच्या स्मारकात जपून ठेवलेली आहे. माझ्या मित्राने स्टाइनबेक वाचलेला नाही. त्याला गाडीत झोपायचे होते, इतकेच. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, ती बातमी वाचून त्याच्या डोक्यातला जुना किडा जागा झाला. आरटीओत चार खेपा घालून, कागदपत्रे रीतसर करून त्याने गाडी रस्त्यावर आणली. हा भाग मी मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळांचा समज असतो की आपल्या गाडीचे आपण काहीही करावे. तसे नाही. नोंदणीपुस्तकात जे लिहिले आहे त्याहून गाडीचे रूप वेगळे करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा सुताराला बोलावण्याआधी आरटीओत जाऊन विचारावे.

तर गाडी झाली. छपरावर शंभर वॅटची दोन सौर पॅनेल, पलंगाखाली घरच्या इन्व्हर्टरला असते तशी दीडशे अँपियर-तासांची ट्युब्युलर बॅटरी, एक छोटा बारा व्होल्टचा फ्रिज, छतात पंखा, चार दिवे. पहिली तीन वर्षे मजेत गेली. दिवेआगर झाले, हंपी झाली, नर्मदेचा काठ झाला. आणि २०२५ च्या मार्चमध्ये मालवणजवळ एका पहाटे फ्रिज बंद पडलेला आढळला.

तुमच्याआमच्या घरी फ्रिज बंद पडला तर दूध नासते. इथे त्या फ्रिजमध्ये वहिनींचे इन्सुलिन होते, दोन महिन्यांचा साठा. न फोडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. चालू असलेली बाटली महिनाभर साध्या हवेतही राहते, पण ती हवा २५-३० अंशांची धरलेली असते. उन्हात उभ्या केलेल्या पत्र्याच्या खोलीतली नव्हे. आणि या औषधाची खोड अशी की ते बिघडले तरी बहुधा दिसण्यात काही फरक पडत नाही. टोचून घेतल्यावर साखर उतरत नाही, तेव्हा कळते. फ्रिज किती तास बंद होता ते कोणालाच सांगता येईना. मालवणच्या डॉक्टरांनी सगळ्या बाटल्या टाकून द्यायला सांगितल्या. वहिनी तिथेच म्हणाल्या, ‘‘आता पुरे झालं फिरणं. घरी चला.’’

मित्र घरी गेला नाही, माझ्याकडे आला. अंगणात गाडी उभी केली आणि एका मोठ्या शहरातल्या दुकानदाराने काढून दिलेला खर्चाचा कागद माझ्यासमोर ठेवला. त्या कागदात चारशे अँपियर-तासांची लिथियम बॅटरी होती, दोन हजार वॅटचा इन्व्हर्टर होता, छपरावरचा एअरकंडिशनर होता, इंडक्शनची शेगडीही होती. एकूण रक्कम पाहून मला आमच्या कर्ज समितीच्या बैठकी आठवल्या. ‘‘तू सँक्शन करशील का?’’ त्याने विचारले. मी म्हटले, ‘‘आधी खातेउतारा दाखव.’’

विजेचा हिशेब बँकेच्या हिशेबासारखाच असतो, हे मला त्या आठ दिवसांत फार जवळून कळले. पॅनेल म्हणजे जमा, उपकरणे म्हणजे खर्च, बॅटरी म्हणजे शिल्लक. पण बहुतेक माणसे शिल्लक वाढवायला निघतात. उत्पन्न पाचशे आणि खर्च नऊशे असेल, तर खाते कितीही मोठ्या बँकेत उघडा, महिनाअखेर तोच प्रकार होणार. आम्ही वहीत दोन रकाने आखले. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना पन्नास-साठ वॅट घेतो आणि उन्हाळ्यात दिवसाचा तिसरा हिस्सा ते निम्मा वेळ चालतो. म्हणजे साधारण पाचशे ते सहाशे वॅट-तास. पंखा रात्रभर, सव्वादोनशे. दिवे, मोबाइल, पाण्याचा छोटा पंप मिळून शंभर. एकूण नऊशेच्या आसपास. हजार वॅट-तास म्हणजे आपल्या लाइट बिलातले एक युनिट. दोन माणसांचा सबंध दिवसाचा संसार एका युनिटाच्या आत बसतो, हे वाचून घरी बसलेल्यांनी आपले बिल जरूर काढून पाहावे.

आता जमा. पॅनेलवर लिहिलेले शंभर वॅट हे प्रयोगशाळेतले असतात. काचेचे तापमान २५ अंश आणि ऊन एका चौरस मीटरला हजार वॅट, अशा अटीवर दिलेले. मे महिन्यात आपल्या छपरावरची काच साठ अंशांच्या पुढे तापते आणि दर अंशाला साधारण अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर उत्पन्न घटते. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त हा समज निम्माच खरा. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. मित्राची पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवलेली, खालून वारा नाही; वर महामार्गाच्या कामाची धूळ. चौपदरीकरणाचे काम आमच्या नशिबी इतकी वर्षे आले आहे की ती धूळ आता आम्हाला घरची वाटते. त्यात जुन्या पद्धतीचा चार्ज कंट्रोलर. पॅनेल अठरा व्होल्टला सर्वाधिक वीज देते, पण हा कंट्रोलर त्याला खेचून बॅटरीच्या तेरा व्होल्टवर आणतो आणि मधला फरक वाया जातो. सगळे वजा जाता दोनशे वॅटच्या पॅनेलांतून दिवसाला पाचशेच वॅट-तास खऱ्या अर्थाने जमा होत होते.

म्हणजे रोज चारशेची तूट. मग पहिली तीन वर्षे कशी निभावली? याचे उत्तर मला आकड्यांत सापडले नाही, वहिनींच्या बोलण्यात सापडले. त्या म्हणाल्या, ‘‘भावजी, पहिल्यांदा आम्ही रोज दीडशे-दोनशे किलोमीटर जायचो. यांना एका जागी चैनच पडायची नाही. आता यांचे गुडघे बोलतात. एकदा गाडी लावली की तीन-तीन दिवस हलत नाही.’’ गाडी चालू असताना इंजिनचा अल्टरनेटर पलंगाखालची बॅटरीही भरत असे आणि तूट आपोआप भरून निघे. गाडी तीच होती, पॅनेल तीच होती. माणसे पासष्टीला आली होती आणि मुक्काम लांबले होते. शिवाय फ्रिजमध्ये पूर्वी ताक आणि टोमॅटो असत, आता औषध होते. यंत्राचा दोष शोधायला बसलो की आपण सहसा माणसाच्या दिनक्रमाकडे पाहत नाही.

तिठ्यावरचा कारागीर दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर घेऊन आला. त्याने कागद पाहिलाच नाही, आधी पलंग उचलला. कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर १२.१ व्होल्ट होते. मग तो फ्रिजमागे शिरला. तिथे ११.४. सातशतांश नव्हे, सात दशांश व्होल्ट वाटेतच गळत होते. बॅटरी एका टोकाला, फ्रिज दुसऱ्या टोकाला, मध्ये सहा मीटर अंतर आणि वायर घरातल्या दिव्याला वापरतात तसली दीड एमएमची. जाऊन येऊन बारा मीटर. घरच्या दोनशेतीस व्होल्टात पाऊण व्होल्ट गेला तर कोणाला कळत नाही. बाराच व्होल्टांत तो फार मोठा असतो. असल्या फ्रिजला बॅटरी पार उपसली जाऊ नये म्हणून व्होल्ट उतरले की बंद होण्याची सोय असते. फ्रिजला वाटले बॅटरी संपली, आणि त्याने आपले कर्तव्य केले. बॅटरी वाचली, इन्सुलिन गेले. सहा एमएमची वायर ओढल्यावर हीच गळती दोन दशांशाच्या आत आली. वायर काही शे रुपयांची. एवढ्यासाठी दुकानदाराने लाखाचा कागद का दिला, हे मी विचारले नाही. ज्याच्याकडे जे विकायला असते त्याला तेच दुखणे दिसते.

पण बॅटरीही थकली होतीच. हायड्रोमीटर घातल्यावर पाच घरांची ग्रॅव्हिटी ठीक आणि सहाव्या घराची अकराशे पन्नास. एक घर बसले की सगळी बॅटरी बसते. शिशाची बॅटरी हे जुने शहाणे जनावर आहे. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लाँते याने ती केली आणि मूळ रचना आजही तीच आहे. स्वस्त, कुठेही मिळणारी, खेड्यातल्या माणसालाही दुरुस्त करता येणारी. तिच्या दोन अटी. निम्म्याहून खाली उतरवू नका आणि उतरवलीत तर लगेच पूर्ण भरा. रोज तुटीत राहणाऱ्या खात्यात दुसरी अट पाळलीच जात नाही, मग आतल्या पत्र्यांवर गंधकाचा थर घट्ट बसतो. नव्वदीच्या दशकात मी ग्रामीण शाखेत असताना सौर दिव्यांसाठी आम्ही छोटी कर्जे दिली होती. तीन वर्षांनी वसुलीला गेलो की दारात ठरलेले दृश्य. पॅनेल छपरावर ठणठणीत, दिवा काळोखात, आणि मालक म्हणे, ‘‘साहेब, दिवा लागत नाही तर हप्ता कसला?’’ पॅनेल पंचवीस वर्षे जगते. बॅटरी त्याच्या आधी चार-पाच वेळा मरते, आणि तिच्या पैशाची तरतूद कर्ज काढताना कोणी करत नाही. शिवाय पलंगाखालच्या या बॅटरीतून भरताना हायड्रोजन निघतो, तोही झोपायच्या खोलीत. हे मात्र मला अजिबात पसंत नव्हते.

म्हणून लिथियम घ्यायचे ठरले. लिथियम म्हटले की लोकांना पेटलेल्या स्कूटर आठवतात आणि ते स्वाभाविक आहे. पण लिथियमच्याही जाती आहेत. गाडीतल्या खोलीसाठी जी वापरतात ती लोह-फॉस्फेटची. १९९७ साली टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्याबरोबर पाधी आणि नंजुंडस्वामी अशी दोन आपल्याकडची नावे असलेल्या संशोधकांनी ती पुढे आणली. गुडइनफ यांना पुढे २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, लिथियम बॅटरीच्या कामाबद्दल नोबेल मिळाले. तिची ताकद त्याच वजनाच्या इतर लिथियम बॅटऱ्यांहून कमी, पण स्वभाव शांत. सहजासहजी भडकत नाही. ऐंशी टक्क्यांपर्यंत उपसली तरी रागावत नाही आणि हजारो वेळा भरता येते. दोनशे अँपियर-तासांची म्हणजे अडीच हजार वॅट-तासांची बॅटरी पंचवीस किलोंच्या आसपास. जुनी दीडशेची उचलायला दोन माणसे लागली होती. गोठणाऱ्या थंडीत ती भरू नये, हे लडाखला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. आपल्याकडे काळजी उलटी, ती तापू नये याची. त्यामुळे पलंगाखाली दोन्ही बाजूंनी हवेला वाट ठेवली.

मात्र जुनी काढली आणि नवी ठेवली, असे हे काम नाही, आणि पुष्कळ जण इथेच फसतात. बॅटरी बदलली की तिच्या भोवतीचे सगळे गोत बदलावे लागते. जुना कंट्रोलर शिशाच्या सवयीचा. त्याजागी एमपीपीटी जातीचा आणला, जो पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टवर ठेवून वीज बॅटरीच्या मापात उतरवून देतो. इंजिनकडून येणारी साधी रिलेची जोडणी काढून टाकली. लिथियम बॅटरी भुकेली असली की वाटेल तेवढा करंट ओढते, आणि अल्टरनेटर पूर्ण जोराने तासन्‌तास चालण्यासाठी केलेला नसतो. त्याला जाळून बसण्यापेक्षा मध्ये तीस अँपियरचा डीसी-टू-डीसी चार्जर घालणे बरे. त्यातून तासाला चारशे वॅट-तास येतात, दीड तास गाडी चालली की सहाशे. बॅटरीच्या धन टोकापाशी, वीतभर अंतरातच, जाड फ्यूज. त्या फ्यूजवर आमचा कारागीर अडूनच बसला. ‘‘वायर जळते ती फ्यूजच्या अलीकडं, काका. पलीकडं फ्यूज बघून घेतो. म्हणून अलीकडं काय ठेवायचाच नाय.’’

पॅनेल आता दोनशे वॅटची दोन. छपरावर तेवढीच मावतात. पत्र्यापासून दोन बोटे उंच, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर, खालून वारा खेळेल अशी. भोके पाडताना सगळ्यांचा जीव खालीवर होत होता, कारण रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो चुकार भोक बरोबर शोधतो. दोन्ही पॅनेल समांतर जोडली. एकामागोमाग जोडली असती तर वायर बारीक चालली असती, पण एकीवर सावली आली की दुसरीचेही अडते. माडाच्या झावळीची बोटभर सावलीसुद्धा काचेला पुरते. उभ्या गाडीवर पॅनेल आडवीच राहतात. आमच्या १७ अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेव्हा आडवे असण्याचे काही बिघडत नाही. डिसेंबरात तो दक्षिणेला कलतो आणि पाव हिस्सा सोडून द्यावा लागतो. राहिला प्रश्न आंब्याच्या सावलीचा. मे महिन्यात गाडी सावलीत लावावी तर जमा बंद, उन्हात लावावी तर आतली माणसे शिजतात. यावर तोडगा म्हणून जुन्या पॅनेलांपैकी एक, स्वतंत्र छोटा कंट्रोलर लावून, दहा मीटर वायरीसह पलंगामागे ठेवून दिले. गाडी झाडाखाली आणि काच उन्हात. आमच्याकडे आमसुले वाळत घालतात तशी.

आता एअरकंडिशनर. त्यावर मित्राचे मन फार होते. लहानातला लहान घेतला तरी रात्रभरात चार युनिटे जातील. नव्या पॅनेलांची स्वच्छ दिवसाची सगळी जमा सव्वा युनिटाच्या आत. वही त्याच्यापुढे सरकवली, त्याने स्वतःच खोडले. इंडक्शनही गेले, पाच किलोचा गॅस आहे तो आहे. वहिनींची मागणी मात्र एकच होती आणि ती कागदावर नव्हती. मिक्सर. ओल्या नारळाचे वाटण पाट्यावर करायला आता हात चालत नाही, आणि पुड्यातल्या मसाल्याची आमटी त्यांना गळ्याखाली उतरत नाही. मित्र म्हणाला, पाचशे वॅटचा मिक्सर कसा परवडेल? इथे माझा बँकेतला अनुभव कामी आला. वॅट म्हणजे एका वेळी किती मागतो, वॅट-तास म्हणजे एकूण किती नेतो. मिक्सर पाचशे वॅट मागतो खरा, पण पाच मिनिटांत चाळीस वॅट-तास नेतो. पंखा मागतो तीसच आणि रात्रभरात पाचपट घेऊन जातो. दमदार मागणारा गिऱ्हाईक नेहमीच मोठा कर्जदार नसतो. हजार वॅटचा इन्व्हर्टर घेतला. बारा व्होल्टांवर पाचशे वॅट म्हणजे चाळीस-पन्नास अँपियर, म्हणून त्याची वायर करंगळीएवढी आणि हातभरच लांब. त्याला बटण आहे. वाटण झाले की बंद करायचे, नाहीतर तो नुसता जागा राहण्याचेच दिवसाला दोनशे-अडीचशे वॅट-तास कापून घेतो, आमच्या बँकांच्या सेवाशुल्कासारखे.

सगळ्यात शेवटी एक बशीएवढे यंत्र भिंतीवर बसले. शिशाच्या बॅटरीचे व्होल्ट पाहून शिल्लक कळते. लिथियमचे व्होल्ट भरलेली असताना आणि पाव उरलेली असताना जवळजवळ सारखेच. त्यामुळे येणारा-जाणारा करंट मोजून टक्क्यांत शिल्लक दाखवणारा शंट लावावा लागतो. वहिनींनी त्याला लगेच पासबुक म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवसापासून त्याचा ताबा त्यांच्याकडे गेला, आणि मित्राला मोबाइल चार्ज करायलाही विचारावे लागू लागले.

काम चालू असताना अंगणात गर्दी असे. प्रत्येकाचा प्रश्न ठरलेला, ‘‘याला सबसिडी मिळते काय?’’ नाही. २०२४ मध्ये आलेली पंतप्रधान सूर्यघर योजना घराच्या छपरासाठी आहे, महावितरणच्या जोडणीसह. तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांपर्यंत मदत. गाडीला काही नाही. मग बोलणे हटकून आमच्या विजेवर येई. कोयनेचे पाणी आमच्याच चिपळूण तालुक्यात पोफळीला वीज करून खाली येते, गुहागरला दाभोळचा प्रकल्प, जयगडला बाराशे मेगावॅट. आणि पहिल्या वादळात अंधार आम्हालाच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या गावांनी कित्येक दिवस मेणबत्तीवर काढले. तेव्हा गाडीवाल्याची हौस म्हणून आलेले शेजारी जाताना फ्यूज कुठला, वायर किती एमएमची, हे विचारून जात. एका शेजाऱ्याच्या आईलाही इन्सुलिन आहे. त्यांच्याकडे मातीच्या दोन मडक्यांत ओली वाळू घालून औषध ठेवतात. ती युक्ती देशावर चांगली चालते. आमच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, त्यामुळे गारवा दोन-चार अंशांचाच.

जुनी बॅटरी दुकानदाराने मोडीत घेतली. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. आणि शिशाला भाव मिळतो, म्हणून तरी ती उकिरड्यावर जात नाही. उरलेले एक जुने पॅनेल माझ्या गोठ्याच्या छपरावर बसले. त्यावर दोन दिवे आणि मोबाइलचा चार्जर चालतो.

पावसाळ्याचा अंदाज वहीत आधीच मांडला होता. झड लागली की चारशे वॅटच्या पॅनेलांतून तीनशे वॅट-तास आले तरी पुष्कळ. हवा गार असल्याने फ्रिज आणि पंखा कमी खातात, खर्च आठशे. रोजची तूट पाचशे, वापरता येण्याजोगी शिल्लक दोन हजार. म्हणजे चार दिवस. पाचव्या दिवशी गाडी हलवायची किंवा कोणाच्या तरी घरी प्लग मागायचा. शिवाय फ्रिजमध्ये एक थर्मामीटर आणि बर्फाची दोन पाकिटे, औषधाला थेट टेकणार नाहीत अशी. गोठलेले इन्सुलिनही वायाच जाते. वहिनींनी हे सगळे पान स्वतःच्या वहीत उतरवून घेतले.

एप्रिलअखेर ती दोघे निघाली. वहिनींनी घरी चला म्हटले नाही. त्या वर्षी पावसाने घाई केली, २५ मेलाच तो सिंधुदुर्गात येऊन थडकला. माझ्या मोबाइलवर कुणकेश्वरहून निरोप आला. मित्राचा नव्हता, वहिनींचा होता: ‘‘तिसरा दिवस पाऊस. पासबुकात ४१ टक्के. फ्रिज ५ अंश. उद्या मालवणला जाऊन येतो, तेवढंच भरेल. आज सोलकढी केली.’’